न हलणारा हात

मान

बाबा तिच्या घरात पालथे पडले होते, आणि हे घर तिचं आहे याचा त्यांना पत्ता नव्हता... निदान ज्योत्स्नाला तरी तसंच वाटत होतं.

धाकट्या वैभवनेच हे जुळवून आणलं होतं. "पाठीचं पाहणाऱ्या एक बाई हायेत," एवढंच सांगून त्याने बाबांना, बंडूजींना, देवळीहून सावंगीला आणलं, जमिनीवरच्या गादीवर पालथं निजवलं, चेहरा उशीच्या खळग्यात टेकवला, आणि मगच दाराआड उभ्या असलेल्या बहिणीला खुणावून तो ओसरीत जाऊन बसला.

किती वर्षांनी ती ही मान पाहत होती... वांग्याच्या वाफ्यात वाकून वाकून उन्हाने काळवंडलेली.

तेल नाही, चोळणं नाही, अंगावरचा सदराही तसाच. तिने डावा तळवा त्यांच्या कमरेवर ठेवला आणि त्यांचा श्वास ऐकत राहिली.

पाठ

शिआत्सु, म्हणजे अंगठ्यांनी नि तळव्यांनी दाब देऊन दुखणं हलकं करायची जपानी रीत, तिला एका जपानी आजीने शिकवलं होतं. वर्ध्याच्या स्तूपावर प्रार्थनेला आलेली ती आजी सारा हिवाळा इथेच राहिली. "जोर लावायचा नाही, आपलं वजन सोडायचं," ती मोडक्या हिंदीत सांगे. एक हात फिरतो, दुसरा ठेवल्या जागी थांबतो. त्या थांबलेल्या हाताला ती आईचा हात म्हणे. फिरणारा हात दुखणं शोधतो, आईचा हात नुसता सोबत असतो...

बंडूजींना ते कधी रुचलं नाही. "माही पोरगी लोकाईचं आंग दाबते," म्हणताना त्यांची मान खाली जायची. आणि ज्योत्स्नाने ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा तर, याच नादापायी मोडलं असं धरून, त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं.

खरं कारण त्याच घरात, खाटेवर होतं. आईच्या, शालूबाईंच्या, पोटात काय वाढत होतं ते फक्त लेकीला ठाऊक होतं. ज्योत्स्नाच्या हातांनी तो आजार बरा होत नव्हता, होणारही नव्हता. पण तिचे अंगठे कण्याच्या कडेने सावकाश उतरत आले की आईचा श्वास लांब व्हायचा आणि तिला झोप लागायची. ती झोप सोडून सासरी कशी जाणार होती ती? "तुह्या बाबाले नको सांगू, थे खचतीन," आईने शपथ घातली. आई गेली, शपथ राहिली. मग ज्योत्स्ना घराबाहेर पडली, आणि कुणी थांब म्हणालं नाही.

कंबर

"काहो बाई," उशीतून आवाज आला, "तुमी बोलत नाई का?"

तिने तळव्यावर थोडं वजन सोडलं. बोलली असती तर ओळखली गेली असती.

"नका बोलू. आमचा वैभ्या लय बोलते, त्याच्यापरीस हे बरं."

ओसरीत वैभव खोकला.

सांबाराच्या, कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत उकिडवं बसून धरलेली गाठ तिच्या अंगठ्याखाली आली.

"तिथंच... तिथंच राह्यजो." "माही पोरगी लहान असतांनी, मी वावरातून आलो का पाठीवर उभी राहे. भिंतीले हात टेकून. मोठी झाली तसं तिच्या आईनं बंद केलं. बापाले पाय लावू नये म्हने."

अंगठा सावकाश पुढे सरकला.

"जाता जाता त्याच माउलीनं सांगतलं मले, लगन काऊन मोडलं थे. म्हने, पोरीचा एक हात हालतच नाई. त्याच हातावर मले झोप येते, म्हनून सासरी नाई गेली थे..."

तिचा फिरता हात थांबला. दुसरा तर थांबलेलाच होता.

"म्हणजे तुमाले सारं ठाऊक होतं, बाबा," ती म्हणाली. आवाज लपवायचं राहून गेलं.

"मीच म्हनलं वैभ्याले. मले पालथं निजव, मंग बोलाव तिले. दारावरून वापस गेलतो एकडाव. हे तोंड घेऊन कसा उभा राह्यलो असतो व, तुह्यासमोर?"

सदऱ्यावर एक थेंब पडला. मग आणखी.

"पाठ भिजून राह्यली माही," ते उशीतच म्हणाले.

तळवे

"उभी राह्य पाठीवर. पह्यलेसारखी."

"पाठ आता म्हातारी झाली तुमची. अन् मी जड झाली, बाबा."

"होऊ दे जड."

ती उठली. त्यांच्या पाठीला दोन्ही हात लावून तिने ते कपाळाशी नेले. मग त्यांच्या पायांशी जाऊन, त्यांच्याकडे पाठ करून, वर वळलेल्या त्यांच्या भेगाळ तळव्यांवर तिने आपल्या टाचा टेकवल्या... जपानी आजीने शिकवलं होतं तसं. पायावर पाय. दोघांचेही चेहरे एकमेकांना दिसत नव्हते. समोरच्या भिंतीला तिने बोटं लावली.

"आंग सैल सोड, पोरी," मागून आवाज आला, लहानपणी यायचा तसाच. "पडत नाई तू."

तिने भिंतीवरचा हात काढला आणि सारं वजन सोडलं... आणि मागे तो श्वास हळूहळू लांब होत गेला, आईचा व्हायचा तसा, झोपेच्या काठापर्यंत, आणि मग काठापलीकडे, गाढ झोपेत.