दत्तामामाची न भरणारी जखम

जखम रोज धुतली जात होती, मलमही लागत होतं. मग ती भरत का नव्हती? केतकीला हे कोडं काही केल्या सुटेना.

तिचा दत्तामामा विजेच्या खांबावरून पडला, तेव्हापासून त्याला कमरेखाली काहीच जाणवत नसे. तो बहिणीकडे, म्हणजे केतकीच्या घरीच राहायचा. त्याच्या देखभालीला आरोग्य केंद्राने शुश्रू नावाचा यंत्रमानव दिला होता.

"हा दाबव्रण (सतत दाब पडून होणारी जखम) आहे," शुश्रू सांगायचा. "एकाच जागी भार पडला की तिथे रक्त पोचत नाही आणि कातडी मरते. तुझं अंग अवघडलं की तू कूस बदलतेस. मामांना ते कळतच नाही."

एका दुपारी पाणी देताना मामाचा हात केतकीला कढत लागला.

"मामा, ताप आहे तुला."

"असू दे गं. ताईला सांगू नकोस, दमलीय ती."

केतकी क्षणभर घुटमळली. मग सरळ जाऊन तिने आईला आणि शुश्रूला सांगितलं.

शुश्रूने पट्टी सोडली. जखमेला वास येत होता, भोवतीची लाली पसरली होती. त्याने लगेच डॉक्टर मुलाणीबाईंना बोलावून घेतलं. त्यांनी भिंगातून केतकीला जखमेवरचा चकचकीत थर दाखवला.

"सकाळी दातांवरून जीभ फिरवलीस की बुळबुळीत लागतं ना? नुसती चूळ भरून ते जातं?"

"नाही. घासावं लागतं."

"इथंही तसंच आहे. हे जैवपटल (जंतूंनी एकत्र राहण्यासाठी बनवलेला चिकट थर). मलम त्याच्या आत शिरतच नाही."

केतकीला कोडं उलगडलं. बाईंनी मेलेला भाग आणि तो थर अलगद काढला, कोणते जंतू आहेत ते तपासायला नमुना घेतला आणि प्रतिजैविक (जंतूंना मारणारं औषध) सुरू केलं. "जंतू जखमेबाहेर पसरू लागलेत, म्हणून हे आता द्यायलाच हवं," त्या म्हणाल्या.

ताप उतरला. हळूहळू जखमेच्या तळाशी लालसर, दाणेदार नवं मांस दिसू लागलं.

"माझं ऐकलं नाहीस, फार बरं केलंस," मामा केतकीला म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "तुम्ही सगळ्यांनी मला वाचवलंत."

"बाई, मामाच्या वतीने दाब ओळखणारी चादर करता येईल का?" केतकीने विचारलं.

"काही जण त्याच खटपटीत आहेत. पण त्यांना हात कमी पडतायत."

"मग मी मोठी झाले की जाईन त्यांच्याकडे," केतकी म्हणाली आणि मामाची कूस बदलायला आईच्या मदतीला गेली.