खालून होकार

कामरगावात बसस्टँडच्या रस्त्याला माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. चार कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, एक कूलर. पीकविम्याच्या शेवटच्या आठवड्यात लोक एकमेकांच्या अंगावर उभे असतात आणि बाकीचं वर्षभर दुपारी एक ते चार मी माशा मारत बसते. मी बी.एस्सी. केलंय. सही-शिक्का नसलेल्या कागदावर माझा विश्वास बसत नाही. कुणाच्या अंगात आलं की मी चहा ठेवायला उठते. माझ्याबद्दल एवढं पुरे.

माझा मोठा भाऊ पवन विहिरींची कामं करतो. नव्या खोदणं, जुन्यांचा गाळ काढणं. घरची चार एकर शेती आहे, पण त्याचा जीव विहिरीत. आमच्या बाबांचंही, दौलतरावांचंही, हेच काम होतं. या कामाची एक पद्धत आहे. एक माणूस खाली उतरतो, एक दोर धरून काठावर बसतो. काठावरचा थोड्या थोड्या वेळानं खालच्याला नावानं हाक मारतो आणि खालचा "हाव" म्हणतो. खालून होकार येतोय तोवर वरच्यानं जागा सोडायची नाही, मग घराला आग लागली तरी. आणि जो खाली उतरलेला नाही त्याचं नाव विहिरीत घ्यायचं नाही. पहिल्या नियमाचं कारण शेंबडं पोरही सांगेल. दुसऱ्याचं कारण मी बाबांना कितीदा तरी विचारलं. ते म्हणायचे, "नाई घ्यायचं म्हनजे नाई घ्यायचं."

गेल्या मे महिन्यात इंझोरीला एका जुन्या विहिरीत सेवादास उतरला होता. दादाचा दहा वर्षांपासूनचा जोडीदार. दादा काठावर होता. त्यानं चार वेळा हाक मारली, चारही वेळा "हाव" आलं. मग शेतमालकाला काय वाटलं कोण जाणे, त्यानं घरून आरसा आणला आणि उन्हाचा कवडसा खाली पाडला. सेवादास गाळात पालथा पडला होता. तळाशी विषारी वायू साचला होता. डॉक्टर म्हणाले, कवडसा पडला तेव्हाच त्याला जाऊन तास तरी झाला असेल. दादाची शेवटची हाक कवडशाच्या पाचच मिनिटं आधीची होती.

तो प्रतिध्वनी होता, असं सगळ्यांनी दादाला समजावलं. मीही समजावलं.

"मी सेवादास म्हटलं, वैष्णवी," तो म्हणाला. "घुमला असता तं सेवादासच घुमलं असतं न. मले हाव ऐकू आलं."

मी त्याच्यावर चिडले.

त्यानंतर दादानं काम सोडलं. सकाळी खाटेवर बसायचा तो संध्याकाळपर्यंत तिथंच. आई ताट ठेवायची आणि तसंच उचलायची. आमची आई, पंचफुला, तोंडानं कधी गप्प बसणारी नव्हे, पण दिवाळीपर्यंत तिचंही बोलणं आटलं. मला माझा भाऊ परत हवा होता. दुसरं काही नको होतं.

दिवाळीत मामाचा हरीओम पुण्याहून आला. तो कॉम्प्युटर कंपनीत आहे. त्यानंच माझ्या कॉम्प्युटरवर तो पाणबुडीचा खेळ टाकून दिला. कुठल्या तरी परक्या ग्रहावरचा समुद्र, वर मैलभर बर्फ, खाली मिट्ट काळोख. चार-पाच जणांनी मिळून एक पाणबुडी चालवायची. एकानं कप्तान व्हायचं, एकानं इंजिन सांभाळायचं, एकानं गळती बुजवायची, एकानं जखमींकडे बघायचं. बाहेरून काहीतरी येऊन धडकतं, पत्रा फाटतो, पाणी घुसतं. एकट्यानं कुणी वाचत नाही. कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलत राहावं लागतं.

"दादाले बसव याच्यावर," हरीओम म्हणाला. "डोकं दुसरीकडं लागीन त्याचं."

आणि खरंच लागलं. रिकाम्या दुपारी मी, दादा आणि माझ्या दुकानात कामाला असलेली अंजू असे तिघं इथून बसायचो, हरीओम पुण्याहून जोडला जायचा. दादाला की-बोर्ड धड येत नव्हता, पण आठवड्याभरात तो आमचा कप्तान झाला. पाण्याच्या दाबाखाली लोखंड कसं कुरकुरतं हे ऐकून तो सांगायचा, "डावीकडून फुटनार हाये, अंजू, तिकडं पय." आणि तिकडूनच फुटायचं. दर दहा मिनिटांनी तो विहिरीसारखीच हाक घालायचा. वैष्णवी? हाव. अंजू? हाव. हरीओम? हाव. आम्ही हसायचो, पण त्यामुळे आमची पाणबुडी कधी बुडाली नाही. तो दोन भाकरी खाऊ लागला. आईनं मला न सांगता मारुतीला नारळ फोडला.

पाणबुडीत पाच जागा होत्या. रिकाम्या जागेवर खेळ स्वतःचा एक मुका खलाशी बसवतो. तो पंपाच्या खोलीत उभा राहतो आणि सांगाल तेवढं करतो. एक दिवस स्क्रीनवर त्याच्यासाठी नावाचा रकाना आला.

"याचं काय टाकू व?" दादानं विचारलं.

चूक माझी आहे, हे मी कुणी न विचारता सांगते. मला वाटलं, ते नाव त्याच्या तोंडून एकदा मोकळं निघालं तर बरं होईल. मी कुठंतरी असं वाचलंही होतं. खाली नसलेल्याचं नाव घ्यायचं नाही हा नियम मला पाठ होता, पण ही काय विहीर होती? हा मॉनिटर होता, त्याचं बिल माझ्याकडे आहे.

"सेवादास टाक," मी म्हटलं.

दादानं की-बोर्ड जवळ ओढला. मग एका बोटानं त्यानं नाव टाकलं.

त्या दिवसापासून हाकेत चौथं नाव आलं. वैष्णवी, अंजू, हरीओम, सेवादास. चौथ्या नावानंतर दादा थांबायचा, होकाराला लागतो तेवढाच वेळ. मग खेळ पुढे चालायचा.

दोन आठवड्यांनी त्या थांबलेल्या जागेत आवाज येऊ लागला. ओलं फडकं पिळावं तसा, हेडफोनमध्ये, अगदी जवळून.

"हरीओम, तुह्या माइकमधून येऊन राह्यलं काय ते?" अंजूनं विचारलं.

"माहा माइक बंद होता व. मी तं आता चालू केला."

मी वायरी बदलल्या. हेडफोन बदलले. तिसऱ्या दिवशी त्या जागेत स्पष्ट "हाव" आलं. पुरुषाचा आवाज, थकलेला, घसा बसलेला. अंजूनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला, पर्स उचलली आणि दुसऱ्या दिवशी आली नाही. फोन केला तर म्हणाली, आईचं दुखतंय. तिच्या आईला मी सकाळीच बाजारात वांगी घेताना पाहिलं होतं.

मी खेळ रेकॉर्ड केला. रेकॉर्डिंगमध्ये फक्त आम्ही तिघं होतो. सेवादासच्या नावानंतर दादाच्या खुर्चीची करकर होती आणि मग काहीच नव्हतं. मी तो खलाशी खेळातून काढून टाकला. दादा त्याचं नाव घेत राहिला आणि होकार येत राहिला. मी इंटरनेट तोडलं, हरीओम खेळातून गेला. होकार आला. दुकानात ओल्या गाळाचा वास भरला होता. फेब्रुवारीचं कोरडं ऊन होतं आणि झेरॉक्सचे कागद मऊ पडत होते, मशीनमध्ये अडकत होते. मला भीती वाटू लागली होती. हे मी आईला सांगितलं नाही, स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

दादा खुर्चीवरून उठेनासा झाला. आधी जेवायला उठेना, मग गिऱ्हाईक आलं तरी उठेना. लोक फॉर्म भरायचे आणि बाजूला हा माणूस हळू आवाजात एकच नाव घेत बसलेला. मी त्याचा दंड धरून ओढला तर त्यानं माझा हात झटकला.

"खालून होकार येऊन राह्यला, वैष्णवी. कसा उठू?"

"दादा, हा खेळ हाये."

"तवा इंझोरीलेही तो खाली मरून राह्यला, मी समजलो नाई. आता समजून राह्यलो तं उठू?"

तिसऱ्या दिवशी, दुपारी दोनला, लाइट गेली. कूलर थांबला. चारही स्क्रीन काळे झाले. मला इतकं हायसं वाटलं की मी खुर्चीत मागे टेकले.

"सेवादास?" दादा म्हणाला.

आणि त्याच्या हेडफोनमधून, ज्याची वायर मेलेल्या कॉम्प्युटरला जोडलेली होती, मला शेजारच्या खुर्चीत ऐकू आलं.

"हाव."

मी रडायला लागले. दादाच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं, ओठ फुटले होते, तीन दिवसांत तो पाच वर्षांनी म्हातारा झाला होता. मी म्हटलं, "दादा, तू मरशीन असा. कसा उठशीन तू, ते सांग मले."

"दोर दुसऱ्याच्या हाती देल्याशिवाय नाई उठता येत."

"मंग मले दे."

"तुले काहून? बाईमानूस काठावर नाई बसत."

"दे म्हनते न."

त्यानं माझे हात पाहिले. मग हेडफोन काढला आणि विहिरीवर दोर देतात तसा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. समोरचा "धरला" म्हणेपर्यंत सोडायचा नसतो. मी म्हटलं, "धरला." त्यानं सोडला.

त्याचे खांदे खाली आले. तो उठला, उन्हात गेला आणि समोरच्या हॉटेलात आलुबोंडे खायला बसला. काचेतून मी त्याला बघत होते. तो चावत होता, पाणी पीत होता, हॉटेलवाल्याशी काहीतरी बोलत होता. माझा भाऊ.

मी हेडफोन कानाला लावला. लावला नसता तरी चाललं असतं. पण मी धरला म्हटलं होतं.

आत पाणी होतं. खूप पाणी, दूरवर.

मग तो बसलेला घसा म्हणाला, "वर कोन हाये?"

जो खाली उतरलेला नाही त्याचं नाव घ्यायचं नाही, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

"मी वैष्णवी," मी म्हटलं.

पाणी थांबलं. मग, जणू लिहून घेतल्यासारखं, "हाव."

त्यानंतर आवाज आला नाही. मी चारही कॉम्प्युटर पुसून कोरे केले, हेडफोन चुलीत घातला. दादा दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत झोपला आणि उठून आईवर ओरडला की चहात साखर नाही. आई पदरानं डोळे पुसत साखर घालत होती. आठवड्यानं तो कामावर गेला. लखन नावाचा नवा जोडीदार त्यानं घेतला. महिनाभर आमचं घर घरासारखं होतं. हेडफोनमधलं मी कुणालाच सांगितलं नाही. दादा बरा झाला होता, मला कारण नको होतं.

परवा दुपारी तीनला लखनचा धनजवरून फोन आला.

"ताई, लवकर या. पवनभाऊ काठावरून उठूनच नाई राह्यले."

"खाली कोन हाये?"

"कोनी नाई न ताई. मी तं वरच हावो. आज अजून कोनी उतरलंच नाई."

मी स्कूटी काढली. धनजच्या पुढे हरभरा काढलेलं मोकळं शिवार, त्यात नवी विहीर, तीस फूट झालेली, अजून पाणी न लागलेली. लखन दूर बाभळीखाली उभा होता, जवळ यायला तयार नव्हता. ऊन इतकं लख्ख होतं की विहिरीचा अर्धा तळ वरून दिसत होता. पिवळा मुरूम आणि एक टोपलं.

दादा काठावर उकिडवा बसला होता. दोर त्याच्या हातात होता, ताणलेला.

"दादा," मी म्हटलं.

त्यानं वर पाहिलं नाही. तो विहिरीत वाकला.

"वैष्णवी?"

"अरे, मी इथं हावो! तुह्या मांगं!"

"चूप बसा, बाई," तो म्हणाला. "ऐकू द्या मले."

आयुष्यात त्यानं मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

खालून आवाज आला. फोनमध्ये रेकॉर्ड केल्यावर मला माझा आवाज जसा ऐकू येतो, तसा.

"हाव, दादा."

त्याच्या चेहऱ्यावर माया आली. दोर त्यानं मनगटाला आणखी एक वेढा घालून घेतला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी खालची बोलली. हळू, घाबरलेली.

"दादा, तुह्यापाशी ते कोन उभी हाये?"

दादानं मान वळवली. पायांपासून वर डोक्यापर्यंत माझ्याकडे पाहिलं.

मग माझा हात खांद्यावरून काढला आणि दोर घेऊन माझ्यापासून थोडा दूर सरकला.