दाराकडे वळलेलं झाड

“अंधार पडायच्या आत पोलीस मला न्यायला येतील,” लॅव्हिनिया व्हिटलो म्हणाली. “शेगडी मीच पेटवली. पण बाबांना मी मारलं नाही हो.”

बोलता बोलता तिने खिडकीतली लिंबाची लहान कुंडी उचलली आणि पानं काचेकडे करून ठेवली. आपण काय केलं हे तिला कळलंही नाही.

खासगी तपास करणारी हेस्टर ट्रँटर बोलायची कमी आणि बघायची फार. तिचे शेजारी, निवृत्त स्टेशनमास्तर बर्ट्रम कील, नेहमीसारखे सोबत आले होते आणि नेहमीसारखा त्यांच्या डोक्यात काही उजेड पडत नव्हता. त्यांना या जागेत नुसतं गुदमरत होतं.

जागा म्हणजे व्हिटलोंची ऑरेंजरी. तीनशे वर्षांपूर्वी घराण्यातल्या कुणा हौशी माणसाने संत्र्याची झाडं इंग्लंडच्या थंडीत जगवायला हे दालन बांधलं. दक्षिणेला उंच काचा, उत्तरेला जाड भिंत आणि भिंतीच्या पोटात शेगडीचं धुराडं. उन्हाळाभर झाडं अंगणात, थंडी आली की कुंड्यांसकट आत. हिम पडायच्या रात्री म्हातारे अ‍ॅम्ब्रोज झाडांच्या सोबतीला इथेच खुर्चीत झोपत. परवा धूर आत कोंडला आणि ते उठलेच नाहीत.

धुराड्यात ओलं गोणपाट निघालं. ते छपरावरून टाकलं असणार, आणि छपरावर उघडणारी खिडकी एकच, त्यांच्या विधवा सुनेच्या, लॅव्हिनियाच्या खोलीची. पोलिसांना तेवढं पुरलं.

“त्यांच्या वाइटावर कोण होतं?” हेस्टरने विचारलं.

“घर एडगरकाकांना मिळेल. आणि तो कॉनरॅड स्लीथ. त्याने बांधलेलं काचेचं छप्पर कोसळून शेजारच्या गावात एक बाई गेली. काम कच्चं होतं, असं बाबा कोर्टात सांगणार होते.”

एडगर, अ‍ॅम्ब्रोजचा धाकटा भाऊ, आधीच वैतागलेला होता. “या कुंड्या आत-बाहेर करून माझी कंबर गेली. भरगच्च बाजू काचेकडे नसली की दादा कान उपटायचा. त्याच्यासारखं वेड मला नाही, पण सख्ख्या भावाला मारीन होय?”

स्लीथ मात्र आपल्या घरी दिवाणखान्यात निवांत बसला होता. “आता झाडांना कोण विचारतं, बाई? लोकांना ऑरेंजरीत सोफा टाकून उन्हात चहा प्यायचाय. मी त्यांना थंडीतला उन्हाळा विकतो.” त्याने टेबलावरची फुलदाणी जराशी फिरवली. कोमेजलेली फुलं भिंतीकडे गेली, ताजी पाहुण्यांसमोर आली. “व्हिटलोंच्या ऑरेंजरीत मी जुलैत मापं घ्यायला गेलो होतो. त्यानंतर पाऊल टाकलेलं नाही.”

दोघं परत झाडांपाशी आली. जवळजवळ सगळ्या झाडांची फळं काचेकडे होती. बर्ट्रम उत्तर भिंतीजवळच्या एकाच झाडापुढे थांबले. “हे बघा कसं छान ठेवलंय. दारातून येणाऱ्याला फळंच फळं दिसतात.”

“बर्ट्रम, आज तुम्ही लाखमोलाचं बोललात. जरा हात लावा.”

कुंडी सरकवताना बर्ट्रमना घाम फुटला. मागे भिंतीत एक लोखंडी झाकण होतं. त्यात एवढं बघण्यासारखं काय, ते त्यांना समजेना. हेस्टरने कुंडी परत लावली, पण या वेळी फळं काचेकडे केली.

मग तिने सगळ्यांना बोलावलं. इन्स्पेक्टर बेड्या घेऊनच आला. लॅव्हिनियाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

स्लीथ दारातच थबकला. “हे झाड कुणी फिरवलं?”

“मी,” हेस्टर म्हणाली. “पण जुलैत झाडं अंगणात असतात. हे आधी कसं होतं, ते तुम्हाला कुठून ठाऊक?”

ती इन्स्पेक्टरकडे वळली.

“इन्स्पेक्टर, गोणपाट वरून पडलेलं नाही, खालून कोंबलंय. काजळी काढायचं झाकण या कुंडीमागे आहे. कुंडी हलवल्याशिवाय ते उघडत नाही. या घरातलं कोणीही कुंडी परत ठेवताना फळं काचेकडेच करील. एडगरच्या हाताला मार खाऊन ती सवय लागलीय, आणि लॅव्हिनियाने तर सकाळी माझ्यादेखत लिंबाची कुंडी वळवली. ज्याला झाड म्हणजे नुसती शोभा वाटते, तोच त्याचं तोंड पाहुण्याकडे करतो. फुलदाणीचं केलं तसं. अ‍ॅम्ब्रोज कोर्टात उभे राहिले असते तर यांचा धंदा बुडाला असता.”

स्लीथ झाडाकडेच बघत होता. “तसंच चांगलं दिसत होतं,” तो पुटपुटला.

इन्स्पेक्टरने त्याला नेलं. बाहेर पुन्हा हिम पडायला लागलं होतं. लॅव्हिनिया शेगडीपुढे बसली, पण काडी काही तिच्याने ओढवेना. शेवटी बर्ट्रमनी ती तिच्या हातातून घेऊन ओढली. धूर सरळ वर जातोय याची खात्री होईपर्यंत ती तिथून हलली नाही.