नव्या आवृत्तीचा एकच कॉम्प्युटर

आमची ओळख झाली ती खुर्चीच्या भांडणातून. बुलढाण्यातल्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये कोड लिहायच्या टूलची नवी आवृत्ती एकाच कॉम्प्युटरवर होती, बाकी सगळ्यांवर जुनी. "चालत्या गाड्याले खीळ घालू नका," म्हणत सर अपडेट करूच देत नसत. मी धावतपळत आले, तर त्या खुर्चीत देवानंद!

"ऊठ."

"काऊन? तुह्यं नाव लिहिलं का याच्यावर?"

"लिहू का... तुह्या कपाळावर?"

तो हसला. उठला मात्र नाही. शेजारची खुर्ची ओढून म्हणाला, "बस मंग, मंजुश्री."

माझं नाव त्याला आधीच माहीत होतं! मी बसले, आणि अख्खा हिवाळा बसतच राहिले.

दोघांनी मिळून त्या टूलला जोडायचा एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे प्लगइन, लिहायला घेतलं. त्याचा भाग कोडमधली चूक शोधायचा, माझा भाग ती सोप्या मराठीत सांगायचा. काम पसंत पडलं तर पुण्याची एक कंपनी दोघांनाही नोकरी देणार होती. दोघांनाही! त्या शब्दानं मला झोप येईना.

नव्या कॉम्प्युटरवर मात्र मी त्यालाच बसवायची. "तू बस, माझं जुन्यावर होते," म्हणायची. तो स्क्रीनकडे बघायचा आणि मी त्याच्याकडे — त्याच्या मफलरकडे, खालचा ओठ चावत टाईप करण्याकडे. प्रेम आंधळं असतं म्हणतात. माझ्या प्रेमाला तर नवी आवृत्तीही दिसली नाही.

निवडीच्या दिवशी कंपनीच्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती होती. प्लगइन उघडेना. माझा भाग जुन्या आवृत्तीतल्या ज्या सोयीवर चालायचा, तीच नव्यातून काढून टाकलेली. हातात अर्धा तास होता.

"माझा भाग काढून टाक. तुझा चालते."

"येडी हाये का? मंग तुह्या नोकरीचं काय?"

"दोघायचंही जाण्यापेक्षा..."

"मले नाही पाहिजे तशी नोकरी!"

त्यानं हात मागे घेतले. मग मीच माझा भाग काढला. प्लगइन लगेच सुरू झालं, माझ्यावाचून अगदी छान चाललं. मला रडू आवरेना.

त्याला घेतलं. एकट्यालाच.

बसस्टँडवर त्याची आई जनकाबाई भेटेल त्याला सांगत होती, "पोरगं पुण्याले चाल्लं माह्यं. घरातली पयली नोकरी!"

देवानंद मला जरा बाजूला घेऊन म्हणाला, "तू मले लय आवडते. तिथं गेल्यावर सांगणार होतो... आपण दोघं गेल्यावर. तू हो म्हण, मी जातच नाही."

पुण्याची गाडी लागली होती. जनकाबाई त्याचा डबा घेऊन आमच्याकडेच येत होत्या.

"मले नाही आवडत तू," मी म्हणाले.

आणि त्यानं ते खरं मानलं.