खोडलेली ओळ

"एक ओळच तर आहे, ताई. राहू दे की ती," धाकटा म्हणाला आणि त्यानं आपला मोबाईल ताईच्या ताटाशेजारी सरकवला. पडद्यावर प्रश्न होता : 'रविवारच्या सभेत नेते धर्मगुरूंचा अपमान करतील का?' खाली दोन चौकोन, 'हो' आणि 'नाही'. लोक त्यावर पैसे लावत होते. तिच्या या पाठच्या भावानं तर बॅगा शिवायची आपली दोन्ही मशिनं गहाण टाकून 'हो'वर लावले होते.

आणि त्याला ही खात्री दिली होती ताईनंच… नकळत!

एकोणीस वर्षं ती नेत्यांच्या कचेरीत त्यांची भाषणं टाइप करत होती. नेत्यांची नजर अधू, पण व्यासपीठावर चष्मा लावायचा नाही ही त्यांची ऐट; म्हणून ठळक, मोठी अक्षरं आणि पानावर सहाच ओळी. समोर असेल ते नेते वाचत, पदरचा शब्द घालत नसत. ताई आधी कच्चा खर्डा घरी आणी, स्वयंपाकघरात घड्याळ लावून मोठ्यानं वाची आणि नेत्यांनी श्वास जिथे घ्यायचा तिथे लाल रेघ मारी. सचिवांनी खोडलेल्या ओळीही ती वाची, कारण त्या गाळल्यानं किती वेळ वाचला हे त्यांना सांगावं लागे. या खेपेला अशीच एक ओळ होती, धर्मगुरूंना 'भक्तांच्या जिवावर पोसलेला म्हातारा बोका' म्हणणारी. भिंतीपलीकडे शिवत बसलेल्या धाकट्यानं ती ऐकली. ती खोडलेली आहे, हे त्याला कसं ऐकू येणार? ते त्याला आत्ता, जेवताना, ताईकडूनच कळलं होतं.

या भावाच्या शिक्षणासाठी तिनं स्वतःच्या लग्नाचा विषय कधीच मिटवला होता, आणि त्याबद्दल चुकूनही एक शब्द काढला नव्हता. पण त्याच्या डोळ्यांतली ही हाव… शी! तिनं आशेनं आईकडे पाहिलं. टीव्हीच्या वर धर्मगुरूंची तसबीर होती. वडिलांच्या अखेरच्या दिवशी तेच उशाशी बसून होते, आणि तेव्हापासून आईनं त्या तसबिरीला हात जोडल्याशिवाय पाणी प्यायलं नव्हतं.

"गुरुजी मोठ्या मनाचे आहेत गं," आई ताटाकडे बघत पुटपुटली. "एका शब्दानं त्यांचं काय जातंय? याचा धंदा बसेल मात्र."

ताई न जेवता उठली. तिला त्या घराची, त्या ताटांची, आपल्याच माणसांची किळस आली होती. एका वृद्धाच्या अंगावर थुंकी पडावी म्हणून सगळे टपून बसले होते, आणि त्यातही तिच्याच हातून!

दुसऱ्या दिवशी तिनं भाषण त्या ओळीशिवाय टाइप केलं. मग सचिवांपुढे उभी राहून, खर्डा आपल्या घरातून फुटला आणि त्यावर पैसे लागले, हे तिनं स्वतः सांगून टाकलं. भावावर तिनं काही ढकललं नाही. मोठ्यानं वाचायची चूक माझी, एवढंच म्हणाली. सचिवांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कपाटाची किल्ली मागितली. घरी ती कुणाशी काही बोलली नाही.

रविवारी सकाळी तिघं टीव्हीसमोर बसली. ते पान आलं. धर्मगुरूंचं नाव घेऊन नेते लाल रेघेवर थांबले, त्यांनी श्वास घेतला… आणि आई खुर्चीतून पुढे झुकून कळवळून म्हणाली, "म्हण ना रे मेल्या! बोका म्हण!"

नेते पुढे म्हणाले, की धर्मगुरूंच्या वयाचा त्यांना आदर आहे, आणि रस्त्यांच्या कामाकडे वळले.

आईचा हात तोंडावर गेला. वर तसबीर तशीच हसत होती. "ज्यांनी तुमच्या वडिलांचा हात शेवटपर्यंत सोडला नाही…" ती पुटपुटली.

धाकटा मात्र उसळला. "तुला काय, ताई? तुझा पगार चालूच आहे."

"नाही रे. परवाच बंद झाला," ताई म्हणाली, आणि का ते तिनं थोडक्यात सांगितलं.

तो मटकन खाली बसला. मग त्यानं तिचे पाय धरले आणि लहानपणी रडायचा तसा हुंदके देऊन रडू लागला. "थुंक माझ्यावर, ताई. मी त्याच लायकीचा आहे."

"मी कोण थुंकणार?" ताईनं त्याला उठवलं. "ते रेघेवर थांबले ना, तेव्हा तुझी मशिनं आठवली… आणि मनातल्या मनात मीही म्हटलं, म्हणा. आई मोठ्यानं बोलली, इतकंच."

आईनं दोघांना जवळ ओढून घेतलं.

सोमवारी मशिनं न्यायला टेम्पो आला. धाकट्यानं एका मशिनची एक बाजू उचलली, दुसरी ताईनं धरली. अरुंद जिन्यावर तो घाईघाईनं, मान खाली घालून उतरत होता. वळणावर त्याला धाप लागली, तरी तो थांबेना.

"इथे थांब," ताई म्हणाली. "श्वास घे."

तो थांबला.