दुसऱ्या ओळीचा कंपलेख

कंपलेख आला आणि गाण्यांचे अर्थ लावणाऱ्यांची दुकानं बसली. पूर्वी एखादं उदास गाणं गाजलं की चार डोकी चार अर्थ काढत आणि पाचवं त्या चौघांशी भांडत बसे. आता गाणं यंत्राला ऐकवायचं, की गाताना गाणाऱ्याच्या मनात काय होतं ते समोर हजर. एका गाजलेल्या अंगाईच्या गायिकेला गाताना नुसता कंटाळा आला होता, हे उघड झालं तेव्हा निम्मा महाराष्ट्र हळहळला आणि उरलेला हसला.

सोलापूरच्या स्वरविज्ञान संस्थेत प्राजक्ता शेवडे आपल्या धाकट्या मुलीला, गार्गीला, घेऊन आल्या होत्या त्या थोरलीच्या गाण्यासाठी. सानिका शेवडेचं ते गाणं तीन वर्षं पोरासोरांच्या तोंडी होतं:

‘जा आता तू, दार मी लावून घेते,
अंगणातील पावले झाडून घेते.’

गाणं बाहेर आल्यावर दीड महिन्यात सानिका तलावात पोहायला गेली, ती परतली नाही. मग अर्थ लावणाऱ्यांना ऊत आला. घरातलं माणूस गावाला निघालं तर त्याच्या पाठोपाठ कुणी केर काढत नाही. तसा केर काढतात तो प्रेत उचलल्यावर. म्हणजे ही पोरगी स्वतःचीच पावलं झाडत होती, असं लोकांनी ठरवून टाकलं. तलावाच्या काठावर फुलं पडू लागली. प्राजक्ताबाईंना फुलं नको होती. पोरगी बुडाली की तिनं जीव दिला, एवढंच कळायला हवं, असं त्या म्हणत.

शेजारी बसलेली गार्गी सारखी दाराकडे बघत होती, कारण दुसरी ओळ सानिकानं गायलीच नव्हती.

मुख्य गायिका येण्याआधी दुसऱ्या कुणीतरी गाणं कच्चं गाऊन ठेवायचं, त्याला स्टुडिओत स्क्रॅच म्हणतात. ते गार्गीनं गायलं होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी दुसऱ्या ओळीला सानिकाचा घसा बसला. दोघींचा आवाज इतका सारखा की फोनवर बापालाही कळत नसे. रेकॉर्डिस्टनं स्क्रॅचमधली ओळ उचलून चिकटवली आणि सगळे जेवायला गेले. पण चाल गार्गीची होती आणि नाव सानिकाचं लागणार होतं. त्या ओळीच्या वेळी आपल्या मनात काय होतं, ते गार्गीला चांगलं आठवत होतं.

“आई, कशाला उकरून काढायचं? चल ना घरी.”

“गप बस.”

“यात जादू काही नाही हं,” डॉ. रेहाना काझी यंत्र सुरू करत म्हणाल्या. “स्वरयंत्र हलवणारी एक नस आहे. ती मेंदूकडून येते, पण थेट स्वरयंत्राला भेटत नाही. आधी छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या धमनीला वळसा घालते आणि मग पुन्हा वर चढते. मनात काही हललं की आवाजात बारीक थरथर उमटते. ती कानाला कळत नाही, यंत्राला कळते. त्या थरथरीचा आलेख म्हणजे कंपलेख.”

“म्हणजे मनातलं सगळं दिसतं?” प्राजक्ताबाईंनी विचारलं.

“सगळं नाही. भावना कोणती आणि तिचा रोख कुणाकडे, स्वतःकडे की दुसऱ्याकडे, एवढंच. नावगाव दिसत नाही.”

“आणि आवाज कुणाचा आहे ते?” गार्गीच्या तोंडून निसटलं.

“आधी त्या माणसाचा नमुना दिला तर. एरवी यंत्राला काय, आवाज तो आवाज.”

गार्गीला हायसं वाटलं आणि लगेच स्वतःची शरमही वाटली.

पहिली ओळ वाजली. पडद्यावरची रेघ पाहून डॉक्टरांना हसू आलं.

“उत्साह आहे. आणि चक्क भूक! ज्यानं जायचं ठरवलंय त्याची थरथर अशी नसते. नंतरचं मी सांगू शकत नाही, पण हे गाणं निरोपाचं नाही.”

प्राजक्ताबाईंनी पदर तोंडाला लावला. “डबा न घेताच गेली होती रेकॉर्डिंगला,” एवढंच त्या म्हणाल्या आणि रडल्या. गार्गीही रडली. मग तिनं आईचा दंड धरला.

“झालं ना समाधान? चल आता.”

“दुसरी ओळ लावा,” आई म्हणाली.

ओळ वाजली. या वेळी डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी ती पुन्हा लावली.

“द्वेष आहे,” त्या सावकाश म्हणाल्या. “रोख दुसऱ्याकडे. अगदी जवळच्या माणसाकडे. आणि त्या द्वेषात एक प्रकारचं सुख आहे.”

आईचा चेहरा पांढरा पडला. रेकॉर्डिंगच्या आठवड्यात सानिकाचं आईशी कडाक्याचं भांडण झालं होतं. आता आई जन्मभर समजणार, की मुलगी आपला एवढा तिरस्कार करत होती. गप्प राहिलं तर आपण सुटतो, पण आई मरेपर्यंत जळणार. गार्गीला ते सोसवेना.

“आई, ते तुझ्यासाठी नव्हतं! ती ओळ सानूची नाहीच. तिचा घसा बसला होता. ती माझी आहे.”

“माहीत आहे,” आई म्हणाली.

गार्गीनं आईचा दंड सोडला.

“पहिल्यांदा ऐकली तेव्हाच ओळखली. बापाला कळत नसेल, मला नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोरीचा आवाज कळतो. तू तिच्या दहाव्याला रडली नाहीस, त्या दिवसापासून गाणं सोडलंस. तुझं काय बिनसलंय, तेच मला बघायचं होतं.”

“मग मलाच का नाही विचारलंस?”

“तू खोटं सांगितलं असतंस,” आई म्हणाली. “आणि मी ते खरं मानलं असतं.”

गार्गीला सांगायचं होतं, की तो राग तेवढ्या एका ओळीपुरता होता, सानू जावी असं मला कधीच वाटलं नव्हतं. हे खरं होतं. बहुतेक खरं होतं. तिनं तोंड उघडलं. टेबलावरचा माईक अजून चालू होता आणि पडद्यावर कोरी रेघ सरकत होती. आई तिच्याकडे पाहतच नव्हती, पडद्याकडे पाहत होती.

गार्गीनं तोंड मिटलं.

“बोल ना,” पडद्यावरची नजर न काढता आई म्हणाली.