रक्तपेढीचा संगणक अडला तेव्हा

रुग्णालयाच्या संगणक विभागातली ती जिना उतरून रक्तपेढीत आली, तेव्हा तिथला तंत्रज्ञ रक्ताच्या पिशव्यांची नोंद हातानं करत होता. समोरचा संगणक मधूनमधून गोठत होता.

"डेटाबेसची नवी आवृत्ती तुम्हीच बसवलीत ना?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"हो. शिव्या द्यायच्या असतील तर रांगेत या. वरचे सगळे मजले तुमच्या आधी आहेत."

तो हसला, त्यानं मान वर केली... आणि नजर पुन्हा खाली न्यायला त्याला जरा उशीरच झाला.

सकाळपासून सर्व्हरची मेमरी भरत होती आणि सगळं रुग्णालय अडत होतं. कारण तिला नुकतंच सापडलं होतं.

"चूक माझीच," ती म्हणाली. "समजा, स्वयंपाकघरात एकच आचारी होता. त्याला मी अख्खा ओटा दिला, म्हणजे सगळी मेमरी. नवी आवृत्ती त्याच कामाला चार आचारी लावते, आणि मी नियम जुनाच ठेवला — प्रत्येकाला अख्खा ओटा!"

"मग चेंगराचेंगरी होणारच की!"

"नियम बदललाय. पण सर्व्हर एकदा बंद करून चालू करावा लागेल. तोवर तुमच्याकडे काहीच दिसणार नाही. म्हणून विचारायला आले."

त्याचं हसू मावळलं. वर एक बाळंतीण शस्त्रक्रियेच्या टेबलावर होती, रक्तस्राव थांबत नव्हता. तिच्यासाठी रक्त न्यायला आलेल्या परिचारिकेला त्यानं हाक मारली.

"ताई, या. कागदावरून जुळवू." मग हिच्याकडे वळून म्हणाला, "करा बंद."

तिनं फोनवरून वर सांगितलं आणि पडदा काळा झाला. रक्तपेढीत प्रत्येक पिशवी दोघांनी मोठ्यानं वाचायची असते. तो गट म्हणायचा, ताई तोच परत म्हणायच्या. तो क्रमांक म्हणायचा, ताई तोच परत. ती रक्ताच्या थंड कपाटाला टेकून ऐकत राहिली.

ताई पिशव्या घेऊन धावल्या. पडदा उजळला. मेमरीचा आलेख चढला, मध्यावर थांबला, आणि तिथेच राहिला.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. त्यानं डोळे मिटून ऐकलं.

"आई आणि बाळ... दोघंही सुखरूप."

तिचे डोळे भरून आले.

"स्वतःची चूक सांगायला कुणी जिने उतरत नाही," तो हळूच म्हणाला. "लोक फोन करतात... तोही दुसऱ्याचं नाव सांगायला."

ती दाराशी गेली.

"उद्या येईन. मेमरी बघायला."

"ती वरूनही दिसते ना?"

"दिसते." जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून ती थांबली. "तरी येईन."